नांगर कुठे टाकायचा? कॉर्सिकाच्या किनाऱ्यावरचा वाद

बंदरात बोट लावायची तर पैसे मोजायचे, खाडीत नांगर टाकायचा तर कुणाला विचारायचं नाही. भूमध्य समुद्रात हौसेने शिडाच्या बोटी फिरवणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या समजुतीवर वाढल्या. कॉर्सिकाभोवती ती आता संपत आली आहे. कुठे समुद्रतळावरच्या गवतामुळे नांगराला मनाई आहे, कुठे ठरवून दिलेल्या बोयाला बांधून रात्रीचे पैसे भरावे लागतात, कुठे बोटीच्या लांबीवर परवानगी अवलंबून असते. यावरून फ्रान्समध्ये बरीच वर्षं तंटा चालू आहे. यॉटवाले त्याला नोकरशाहीचा जाच म्हणतात, समुद्राचे अभ्यासक उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणतात आणि स्थानिक लोक दोन्हींकडे संशयाने पाहतात. या तंट्यात एक गोष्ट सहसा हरवते. नांगर टाकण्याची मोकळीक कॉर्सिकात पूर्वीही फारशी नव्हतीच. आधी ती वाऱ्याच्या हातात होती, आता ती नकाशाच्या हातात गेली आहे.

बेट आधी समजून घेऊ. कॉर्सिका म्हणजे समुद्रात उभा राहिलेला डोंगर. सगळ्यात उंच शिखर, मोंते चिंतो, 2,706 मीटर. किनाऱ्याची लांबी हजार किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती साडेतीन लाखांच्या घरात. भरती-ओहोटी नावापुरती, वीस-तीस सेंटिमीटर. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे कोकणातल्या तांडेलाच्या डोक्यात पहिला हिशेब भरतीचा असतो. तो हिशेब कॉर्सिकात लागतच नाही. बोट रात्रीतून कोरडी पडणार नाही, खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ लागणार नाही. सगळं लक्ष वाऱ्यावर. हंगामही उलटा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात, तिथे नेमके जुलै आणि ऑगस्ट हेच गर्दीचे महिने.

पूर्व किनाऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बास्तियापासून सोलेन्झारापर्यंत शंभरेक किलोमीटर सरळ वाळूची पट्टी, मागे खाजणं आणि मधूनमधून बांधीव बंदरं. आडोसा नाही, त्यामुळे वादही नाही. उत्तरेकडचं काप कोर्स हे बोटासारखं चाळीस किलोमीटर लांबीचं टोक मात्र नवख्याला फसवतं. नैर्ऋत्येचा वारा, ज्याला तिथे लिबेच्चो म्हणतात, पश्चिमेकडून आला की माणूस साहजिकच पूर्वेच्या बाजूला लपायला जातो. पण मधली डोंगररांग हजार मीटरच्या वर आहे. वारा ती ओलांडतो आणि पलीकडच्या उतारावरून झपाट्याने खाली कोसळतो. ज्या बाजूला शांत असायला हवं तिथेच पाण्यावर पांढरे फवारे उडतात. नकाशावर दिसणारा आडोसा आणि खरा आडोसा एकच नसतो, हा धडा माचिनाज्जोच्या आसपास पुष्कळांना मिळाला आहे.

पश्चिमेला सां-फ्लोरां, काल्वी, पोर्तो, सागोन, अजाक्सियो, वालिंको अशी मोठमोठी आखातं एकामागून एक येतात. देखणी आहेत, पण बहुतेकांची तोंडं वायव्येपासून नैर्ऋत्येपर्यंत कुठेतरी उघडी, म्हणजे मिस्त्राल आणि लिबेच्चो या दोन दांडग्या वाऱ्यांना सामोरी. तिथे खरी जागा आखाताच्या मध्यावर नसते, एखाद्या नाकाडाच्या मागे, कोपऱ्यात असते. वालिंकोच्या दक्षिण टोकाला जुन्या जिनोईज बुरुजाखाली दडलेलं कांपोमोरो हे त्याचं नमुनेदार उदाहरण. जिरोलाता तर गाडीरस्ताच नसलेलं गाव, पायवाटेने जा नाहीतर समुद्रातून. शेजारी स्कांदोलाचं राखीव क्षेत्र, 1975 मध्ये स्थापलेलं आणि 1983 पासून युनेस्कोच्या यादीतल्या पोर्तो आखाताचा भाग. त्याला मिळालेला संरक्षित क्षेत्रांसाठीचा युरोपीय डिप्लोमा 2020 मध्ये गेला, आणि त्यामागे पर्यटक-बोटींची गर्दी हे मोठं कारण होतं.

दक्षिणेला मात्र थांबायला हवं, कारण सगळा वाद तिथेच दाटला आहे. कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यातली बोनिफासिओची सामुद्रधुनी बाराएक किलोमीटर रुंद. दोन डोंगराळ बेटांमधल्या या फटीत शिरलेला पश्चिमेचा वारा जोर धरतो. बाहेर मोकळ्या समुद्रात जेमतेम शीड भरत असेल तेव्हा इथे शिडं आखडायची वेळ येते. मग सगळ्या बोटी आग्नेय किनाऱ्याच्या पूर्वेला तोंड असलेल्या खाड्यांकडे धावतात. सांता मान्झा, रोंदिनारा, सांता जुलिया. या खाड्यांमधली गर्दी पाहून लोक सोशल मीडियाला आणि फिरोजी पाण्याच्या फोटोंना दोष देतात. तो अर्धाच खरा आहे. पश्चिमेचा वारा सुटला की दुसरीकडे जायला जागाच नसते, म्हणून दृश्यांची आवड नसलेला माणूसही रोंदिनारातच येऊन पडतो.

बोनिफासिओ शहराच्या पायाशी चुनखडीच्या कड्यांमध्ये घुसलेली दीडेक किलोमीटरची अरुंद खाडी आहे. ओडिसीच्या दहाव्या सर्गात लेस्ट्रिगोनियन राक्षसांचं जे बंदर येतं, दोन्ही बाजूंना उभे कडे, तोंड चिंचोळं, आत लाटेचा मागमूस नाही, ते हेच असावं असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती जागा समोर सार्डिनियात होती. कुठेही असो, प्रसंग नांगराचाच आहे. बाकीचे सगळे आतल्या शांत पाण्यात जहाजं बांधतात, एकटा ओडिसियस बाहेर खडकाला दोर लावून थांबतो. कड्यांवरून धोंडे पडू लागतात तेव्हा तो तलवारीने दोर तोडून निसटतो, आतले सगळे संपतात. पक्का आडोसा म्हणजेच पक्का सापळा, हे भूमध्य समुद्रावरच्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे. आज त्या खाडीच्या मुख्य भागात नांगर टाकायला बंदीच आहे. धक्क्यावर किंवा बांधून ठेवलेल्या दोरावर जागा घ्यावी लागते.

बाहेर लावेझ्झीची बेटं आहेत. गोल गुळगुळीत ग्रॅनाइटचे धोंडे आणि त्यांच्यामधल्या चिमुकल्या खाड्या. 1855 च्या फेब्रुवारीत क्रिमियाच्या युद्धाला निघालेली ‘सेमियांत’ ही फ्रेंच युद्धनौका वादळात इथल्या खडकांवर फुटली. जहाजावर सुमारे 700 माणसं होती, एकही वाचला नाही. त्यांची दफनभूमी अजून बेटावर आहे आणि उन्हाळ्यात तिच्यापासून हाकेच्या अंतरावर लोक पोहत असतात. ही बेटं 1999 मध्ये स्थापन झालेल्या बोनिफासिओ सामुद्रधुनीच्या राखीव क्षेत्रात येतात. तेलवाहू आणि घातक माल नेणाऱ्या जहाजांबाबत फ्रान्स आणि इटलीने 1993 मध्येच आपापल्या ध्वजाच्या जहाजांवर निर्बंध घातले होते, 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या पाण्याला विशेष संवेदनशील क्षेत्राचा दर्जा दिला. म्हणजे मोठ्या जहाजांचा प्रश्न आधी हाती घेतला गेला, हौशी बोटींचा नंतर.

तो नंतरचा प्रश्न समजायला पाण्याखाली जायला लागतं. पोसिडोनिया ओशियानिका ही फक्त भूमध्य समुद्रात आढळणारी वनस्पती. लोक तिला शेवाळ म्हणतात, पण ती फुलं येणारी, मुळं-खोड-पानं असलेली खरीखुरी वनस्पती आहे. पानं मीटरभर लांब होऊ शकतात. स्वच्छ पाण्यात ती चाळीसेक मीटर खोलीपर्यंत जाते. आडवं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. खोडं, मुळं आणि अडकलेली वाळू मिळून तळावर एक घट्ट थर साचतो, त्याला मात म्हणतात. तो साधारण शतकात एक मीटर चढतो. काही ठिकाणी तो कित्येक मीटर जाड आहे, आणि त्यात हजारो वर्षांचा कार्बन कोंडलेला आहे. स्पेनच्या इबिझा आणि फोर्मेंतेरा बेटांदरम्यान पंधरा किलोमीटर पसरलेली एकच जनुकीय वेल सापडल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या वयाचे आकडे अंदाजाचे आहेत, पण सगळ्यात सावध अंदाजही हजारांच्या भाषेत बोलतात.

हे गवत माशांच्या पिलांना लपायला जागा देतं, पाणी स्वच्छ ठेवतं, लाटांचा जोर मोडतं. त्याची झडलेली पानं हिवाळ्यात किनाऱ्यावर तपकिरी ढीग करून पडतात. त्यांना वास येतो म्हणून हॉटेलवाले ते ट्रॅक्टरने उचलायला लावतात. पण वाळू वाहून जाऊ नये म्हणून तेच ढीग कामाला येतात. ज्या पुळणीचे फोटो विकायचे तिचाच पाया उपसायचा, हा उद्योग कॉर्सिकात आणि बाहेरही वर्षानुवर्षं चालला.

आता नांगराचं काम कसं चालतं ते पाहू. नांगर वजनाने बोट धरून ठेवतो हा गैरसमज आहे. तो तळात रुततो आणि साखळी आडवी ओढली जाते म्हणून धरतो. साखळी उभी झाली की नांगर उपटून निघतो. म्हणून खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडायची. पाच-सहा मीटर पाण्यात पंचवीस मीटर साखळी सोडली आणि बोट बारा मीटरची असली, की वारा फिरेल तशी ती दावणीच्या गाईसारखी गोल फिरते आणि त्या वर्तुळाखाली जवळपास एक एकर पाणी व्यापते. शिवाय त्या वर्तुळात साखळी तळ घासत राहते. वाळूवर याने काही बिघडत नाही. गवतावर मात्र तिहेरी नुकसान होतं. नांगर रुतताना कोंब तुटतात, साखळी फिरताना पानं खुडली जातात, आणि नांगर उचलताना मातचा तुकडाच वर येतो. एकदा खड्डा पडला की प्रवाह त्याच्या कडा कुरतडत राहतो आणि खड्डा आपोआप मोठा होतो. फ्रान्सच्या पोर-क्रो बेटाजवळच्या जुन्या पाहणीत एका साध्या बोटीने एकदा नांगर टाकून उचलताना सरासरी तीसेक कोंब उपटले गेल्याचं दिसलं होतं. ही साधी बोट. साठ मीटरच्या यॉटचा नांगर शेकडो किलोंचा असतो आणि तिची साखळी हाताच्या दोन पंजांनाही आवरत नाही.

गंमत अशी की नाविकांना हे गवत कधीच आवडलं नव्हतं. जुन्या काळी खोली मोजायच्या शिशाच्या गोळ्याच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. तळाची वाळू, शिंपले, चिखल जे असेल ते चरबीला चिकटून वर यायचं आणि कप्तान त्यावरून ठरवायचा की इथे नांगर धरेल का. गवत आलं की पुढे. नांगर पानांवरून घसरतो, बसल्यासारखा वाटतो आणि पहाटे सुटतो. 1933 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी शेतीच्या फाळासारखा सीक्यूआर नांगर बनवला. त्यानंतर ब्रूस, डेल्टा, स्पेड, रोकना असे अनेक आकार आले, पण पोसिडोनियाच्या दाट थरात हमखास धरतो असं त्यातल्या कुणाबद्दलही शपथेवर सांगता येत नाही. म्हणजे बोटीचं हित आणि गवताचं हित यांत भांडण नव्हतंच. फिकट निळं पाणी म्हणजे वाळू, काळपट पाणी म्हणजे गवत किंवा खडक, एवढं दुपारच्या उजेडात नाळेवर उभं राहून कुणालाही दिसतं. भांडण सुरू झालं ते बोटींची संख्या वाढून वाळूचे डाग पुरेनासे झाले तेव्हा, आणि यॉट इतक्या मोठ्या झाल्या की वजनाच्या जोरावर गवतातही टिकून राहू लागल्या तेव्हा.

फ्रान्समध्ये पोसिडोनिया 1988 पासून संरक्षित वनस्पती आहे. युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशात तिच्या कुरणांना अग्रक्रमाचा दर्जा आहे. तरीही पुढची पंचवीस-तीस वर्षं नांगर पडतच राहिले. कायदा होता, पण कोणत्या बोटीचा नांगर नेमका कशावर पडला हे कुणी सिद्ध करणार कसं? दोन गोष्टींनी चित्र बदललं. तळाचे तपशीलवार नकाशे तयार झाले, आणि मोठ्या जहाजांवरची एआयएस यंत्रणा त्यांची जागा क्षणोक्षणी जाहीर करू लागली. एकावर एक ठेवलं की गुन्हा स्क्रीनवर दिसतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा खरा वळणबिंदू आहे. 2019 च्या जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या फ्रेंच सागरी प्रशासनाने चौकटीचा आदेश काढला आणि पुढच्या वर्षांत विभागवार आदेश निघाले. बहुतेक ठिकाणी 24 मीटर आणि त्याहून लांब जहाजांना गवताच्या क्षेत्रात नांगर टाकायला बंदी आली. नियम मोडला तर दंडाबरोबर तुरुंगाचीही तरतूद आहे. त्यानंतर मोठ्या यॉटींचे गवतावरचे नांगर घटले, हे त्याच एआयएसच्या नोंदी सांगतात.

शेजाऱ्यांनी वेगळे रस्ते घेतले. बालेआरिक बेटांनी 2018 च्या फर्मानाने लांबीचा विचार न करता पोसिडोनियावर नांगर टाकायला सगळ्यांनाच मनाई केली आणि तपासणीच्या बोटी फिरवायला सुरुवात केली. त्यांच्याकडच्या काब्रेरा राष्ट्रीय उद्यानात तर आधी परवाना काढून नेमून दिलेल्या बोयालाच बांधावं लागतं. समोरच्या सार्डिनियात ला मादालेना द्वीपसमूह 1994 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बोटींकडून शुल्क घेतात, आणि बुदेल्लीच्या गुलाबी वाळूच्या पुळणीवर पाऊल ठेवायलाही बंदी आहे. या तिघांत फ्रेंच पद्धत सगळ्यात सोयीची वाटते, आणि तिथेच तिची लंगडी बाजू आहे. एआयएस छोट्या बोटींना सक्तीची नाही. जे सिग्नल देतं तेच मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं त्यावरच नियम होतो. एक महायॉट शंभर छोट्या बोटींइतकं नुकसान करत असेल, पण ऑगस्टमध्ये रोंदिनारात एखादीच महायॉट येते आणि छोट्या बोटी रोज रांगेने येतात. 24 मीटरची रेषा निसर्गाने आखलेली नाही, अंमलबजावणीच्या सोयीने आखलेली आहे. तिच्या आतला माणूस स्वतःला निर्दोष समजू लागतो, हा तिचा मोठा तोटा.

छोट्या बोटींसाठी सध्या दोन उपाय आहेत. एक मोबाइलवरचा. मोंपेलिएच्या संशोधकांनी बनवलेलं डोनिया हे ॲप तळाचा नकाशा दाखवतं, वाळू कुठे आणि गवत कुठे ते रंगाने कळतं. ते चांगलं आहे, फक्त वापरणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर चालतं. भाड्याने बोट घेऊन आठवड्यासाठी आलेला माणूस संध्याकाळी सहाला थकून शेवटच्या रिकाम्या जागेत शिरतो तेव्हा ती सद्‌बुद्धी कमीच उरते.

दुसरा उपाय बोयांचा, आणि खरी लढाई त्याच्यावर आहे. जुन्या पद्धतीचा बोया म्हणजे तळावर सिमेंटचा ठोकळा आणि त्याला लांब साखळी. ती साखळीही नांगराच्या साखळीसारखीच गोल फिरून गवत भादरते, विमानातून पाहिलं तर कुरणात टक्कल पडलेली वर्तुळं दिसतात. नवीन पद्धतीत गवताच्या थरात स्क्रूसारखा खिळा फिरवून बसवतात आणि दोरावर मध्येच एक तरंगता गोळा ठेवतात, म्हणजे दोर तळाला टेकतच नाही. सांता मान्झात तर मोठ्या यॉटींसाठीही असे बोये टाकून आधी आरक्षण आणि भाडं अशी व्यवस्था केली आहे. यावर आक्षेप दोन्हीकडून आहे. जुने शीडवाले म्हणतात, समुद्राचं पार्किंग केलं. काही स्थानिक म्हणतात, श्रीमंतांच्या यॉटींना हाकलायच्या ऐवजी त्यांना जागा राखून दिली. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, तरी मी बोयांच्याच बाजूचा आहे. ज्या खाडीत रोज रात्री शेकडो मीटर साखळी तळ घासत असते, तिथे मोकळिकीच्या नावाने ते चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. मात्र बोया टाकला की जबाबदारीही हलते, आणि हा मुद्दा 18 ऑगस्ट 2022 पर्यंत कुणी पुरेसा विचारात घेतला नव्हता.

त्या सकाळी पश्चिम भूमध्य समुद्रावरून एक वादळी पट्टा, ज्याला हवामानशास्त्रात डेरेचो म्हणतात, सरळ कॉर्सिकावर आला. त्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापलेलं होतं आणि वादळाला त्याने बळ दिलं. मारिन्याना इथे ताशी 225 किलोमीटरच्या आसपासचा झोत नोंदला गेला, लिल-रूसला दोनशेच्या वर. हवामान खात्याचा नारिंगी इशारा वादळ दाराशी आल्यावरच निघाला. बेटावर आणि आसपासच्या पाण्यात पाच माणसं दगावली. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये रात्रभर निवांत डोलणाऱ्या बोटी काही मिनिटांत एकमेकींवर आणि मग वाळूवर-खडकांवर जाऊन आदळल्या. त्यांत नांगरावरच्या होत्या तशा बोयावरच्याही होत्या.

नांगरावर बोट असली की कप्तान रात्री दोनदा उठून पाहतो, कारण चूक झाली तर ती त्याची. बोयाला बांधल्यावर तो पैसे भरलेल्या माणसासारखा झोपतो. पण खालचा खिळा किती ताण सोसेल, शेवटची तपासणी कधी झाली, बारा मीटरच्या बोटीसाठी असलेल्या बोयाला चौदा मीटरची बोट बांधली आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. उष्ण समुद्रावर असे झोत पुन्हा येणार नाहीत असं म्हणायला आधार नाही. तेव्हा गवत वाचवण्यासाठी लोकांना बोयावर आणायचं असेल तर प्रत्येक बोयावर त्याची मर्यादा, किती वाऱ्यापर्यंत आणि किती टनांपर्यंत, ठळक लिहिलेली हवी. त्या मर्यादेपलीकडचा अंदाज असेल तेव्हा बोया रिकामा करायला लावण्याचा अधिकार आणि माणूस दोन्ही किनाऱ्यावर हवेत. आज अधिकार बऱ्याचदा असतो, पण ऑगस्टमध्ये पहाटे पाच वाजता खाडीत फिरायला माणूस नसतो.

हंगाम संपला की बऱ्याच ठिकाणी हे बोये काढून घेतात. खिळे तळात राहतात, दोर आणि गोळे गोदामात जातात. सप्टेंबर सरता-सरता चार्टर कंपन्यांच्या बोटी परततात आणि खाड्या रिकाम्या होतात. नेमका त्याच सुमाराला लिबेच्चो वारंवार येऊ लागतो. उशिरा येणाऱ्या मोजक्या बोटींना तेव्हा रोंदिनारात वाळूचा हवा तो डाग निवडता येतो. पंचवीसऐवजी चाळीस मीटर साखळी सोडली तरी शेजारी तक्रार करायला कुणी नसतं, आणि गवतावर नांगर टाकायची गरज कुणालाच पडत नाही.